गोखल्यांच्या ठरावातला विसरलेला अर्धा भाग

१९१२ सालचा मार्च महिना गोपाळ कृष्ण गोखल्यांना फार वाईट गेला. ४ तारखेला कलकत्त्याच्या मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांचा गिरमिट, म्हणजे मजुराला कराराने बांधून नेण्याची पद्धत, बंद करण्याचा ठराव ३३ विरुद्ध २२ मतांनी पडला. पंधरा दिवसांनी, १९ तारखेला, सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे विधेयकही ३८ विरुद्ध १३ मतांनी आपटले. यातला दुसरा पराभव महाराष्ट्राने नीट लक्षात ठेवला, कारण त्याची भरपाई डोळ्यांसमोर झाली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचे शिक्षण सुरू केले, मुंबई इलाख्यात १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांचा कायदा आला आणि १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली. पहिला पराभव मात्र 'पुढे गिरमिट बंद झालेच' एवढ्यावर मिटवला जातो. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. ठरावात दोन मागण्या होत्या. लोकांचा संताप त्यातल्या एकीच्या पाठीशी उभा राहिला आणि ती पदरात पडली. दुसरी तशीच राहून गेली. ती का राहिली, हे शोधायला सातारा-सांगलीइतका योग्य मुलूख नाही.

ठरावाचा मजकूर थोडका होता. देशातल्या कामासाठी असो की ब्रिटिश वसाहतीतल्या, गिरमिटाच्या कराराने हिंदी मजुरांची भरती करायला बंदी घालावी, अशी शिफारस त्यात होती. शिफारसच, कारण मोर्ले-मिंटो सुधारणांनी बिनसरकारी सभासदांना ठराव मांडण्याची मुभा दिली होती, पण तो मंजूर झाला तरी सरकारवर बंधन नव्हते. जो मानायची सक्तीच नाही तो ठराव पाडायची तरी एवढी धडपड कशाला, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर दोन वर्षांपूर्वीच्या ठरावात सापडते. २५ फेब्रुवारी १९१० रोजी गोखल्यांनी फक्त दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीपुरती भरती थांबवण्याचा ठराव मांडला होता. त्या चर्चेत तरुण जिनांनी 'क्रूर वागणूक' असा शब्द वापरला आणि अध्यक्षस्थानी बसलेल्या व्हाइसरॉय मिंटोसाहेबांनी त्यांना तिथल्या तिथे टोकले. तरी सरकारने तो ठराव मान्य केला आणि १ जुलै १९११ पासून नाताळची भरती थांबली. नाताळातले गोरे तिथल्या मोकळ्या हिंदी लोकांना छळतात, तर आपण त्यांना मजूर का पुरवावेत, एवढाच तो हिशेब होता. १९१२ चा ठराव मान्य केला असता तर वाईट वागणारी एक वसाहत गोत्यात येऊन भागले नसते, करारच वाईट ठरला असता. फिजी, त्रिनिदाद, ब्रिटिश गियाना यांचे ऊसमळे त्याच करारावर उभे होते. सँडरसन समितीने १९१० च्या अहवालात पद्धत सुधारून चालू ठेवावी असेच सांगितले होते. व्यापारखात्याचे सभासद क्लार्क यांनीही तीच बाजू धरली: दोष असतील ते दुरुस्त करू, पण गरिबाला मिळालेली कमाईची वाट बंद करू नका.

गोखल्यांचे भाषण वाचले की लक्षात येते ते त्यातले वकिली काटेकोरपण. मळ्यातल्या चाबकापाशी ते रेंगाळत नाहीत, कलमे उलगडत जातात. दूरदेशी, अनोळखी भाषेत, ज्याचे तोंड पाहिलेले नाही अशा मालकाशी पाच वर्षांसाठी बांधून घ्यायचे. परवानगीशिवाय मळा सोडायचा नाही. सांगेल ते काम करायचे. मजुरी आधीच ठरलेली, मग आजूबाजूला मोकळ्या मजुराला कितीही मिळो. आणि यातले काही मोडले तर दिवाणी दावा नाही, फौजदारी. लबाडी सोडाच, हलगर्जीपणासाठी, मॅनेजरला उर्मट शब्द बोलल्याबद्दल, नुसत्या हातवाऱ्याबद्दलसुद्धा दोन-तीन महिन्यांची सक्तमजुरी होऊ शके. शंभर पुरुषांमागे चाळीस बायका पाठवायच्या हा नियम होता, आणि ती संख्या भरण्यासाठी आरकाटी, म्हणजे मजूर गोळा करणारे दलाल, काय काय करीत याचाही हिशेब त्यांनी मांडला. ही पद्धत फसवणुकीवर उभी आहे आणि बळजबरीवर टिकली आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. मतदानात बिनसरकारी हिंदी सभासद झाडून सारे त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्यांत जमीनदारही होते आणि व्यापारीही. शिक्षणाच्या विधेयकावर पंधरा दिवसांनी हीच फळी फुटली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पोरांना शाळेत घालण्यावर जे एकमत होऊ शकले नाही, ते मजुराच्या करारावर झाले होते.

आता या पराभवाची बातमी आपल्या मुलखात आली तेव्हाचा मुलूख कसा होता ते पाहू. सांगली जिल्हा तेव्हा नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. त्यांतून दक्षिण सातारा झाला तो १९४९ मध्ये, आणि त्याला सांगली हे नाव मिळाले १९६० मध्ये. सांगली, मिरज, जत, औंध ही संस्थाने होती आणि त्यांच्या प्रजेला कलकत्त्याच्या त्या सभागृहात प्रतिनिधीच नव्हता. टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. १९१० च्या छापखाना कायद्याने संपादकांच्या मानेवर जामिनाची सुरी धरलेली होती. पण साताऱ्याच्या कुणब्याच्या घरात या बातमीने चूल विझली नाही याचे खरे कारण राजकारणात नाही, माणसे कुठे जात होती त्यात आहे. गिरमिटावर जाणारे या काळात संयुक्त प्रांत, बिहार आणि मद्रास इलाख्यातले होते. मुंबई बंदरातून मॉरिशसला मराठी माणसे गेली, पण ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकात आणि बहुतेक कोकणपट्टीतून. घाटावरचा माणूस मुंबईला जाई. माण, खटाव, खानापूर, पाटण इथल्या गिरणीकामगारांनी आणि हमालांनी मुंबईतल्या गावकीच्या खोल्या भरल्या होत्या. मुंबईत बाहेरून येणाऱ्यांत रत्नागिरी पहिली, पण पुणे आणि सातारा तिच्या मागोमागच.

म्हणजे सातारकर स्थलांतर जाणून होता, गिरमिट जाणून नव्हता. या दोहोंतला फरक काय, हे १८९७ च्या सुरुवातीला मुंबईने पाहिले. प्लेग आला आणि गिरणीकामगार चंबूगबाळे उचलून गावाकडे निघाले. जे मागे राहिले त्यांनी रोजच्या रोज पगार मागितला. एरवी महिन्याचा पगार उशिराने हातावर ठेवणाऱ्या गिरण्यांना तो द्यावा लागला, नाक्यानाक्यावर मजुरांसाठी चढाओढीने बोली लागली. मुकादमाची दादागिरी, खोलीतली दाटी, सावकाराचे व्याज हे सगळे मुंबईत होते. तरी पुण्याची गाडी धरून घरी जाण्यापासून कामगाराला अडवणारा पोलीस नव्हता. फिजीतल्या गिरमिटियाला नाक्यावरची ती बोली कधीच लागली नसती, कारण मळा सोडणे हाच तिथे गुन्हा. गोखल्यांचा ठराव नेमका या एका गोष्टीबद्दल होता. आपल्याकडच्या मजुराला ती गोष्ट आधीच मिळालेली असल्याने तिचे मोल सभेत जाऊन सांगावे असे त्याला वाटले नसावे.

मग राग पेटला कशाने? मतांच्या आकड्याने तर नाहीच. ठराव पडून महिना-सव्वा महिना झाला असेल. एप्रिल १९१२ मध्ये फिजीतल्या केळीच्या मळ्यात कुंती नावाच्या बाईला ओव्हरसिअरने एकटे गाठले. तिने झटापट करून स्वतःला सोडवले आणि नदीत उडी टाकली. होडीतल्या एका पोराने तिला वाचवले. ही हकीगत कलकत्त्याच्या 'भारतमित्रा'त छापून आली आणि हिंदुस्थानभर गाजली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोखले दक्षिण आफ्रिकेत जाऊन आले. गिरमिट संपलेल्या मजुरावर बसवलेला तीन पौंडांचा कर रद्द होईल या भरवशावर ते परतले, आणि तो भरवसा मोडल्यावर नोव्हेंबर १९१३ मध्ये गांधींच्या मागे दोन हजारांवर खाणमजूर सरहद्दीकडे चालत निघाले. तेव्हा मात्र हिंदुस्थानात गावोगाव वर्गण्या झाल्या. मधुमेहाने खंगलेले गोखले निधी गोळा करीत होते, खुद्द व्हाइसरॉय हार्डिंग यांनी मद्रासला जाहीर भाषणात सत्याग्रहींबद्दल सहानुभूती दाखवली. फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले वारले. मार्च १९१६ मध्ये मदनमोहन मालवीयांनी तोच विषय पुन्हा मांडला, आणि चार वर्षांपूर्वी ज्या सरकारने ३३ मते उभी केली होती त्याने तो मान्य केला. मान्य करूनही भरती चालूच राहणार अशी कुणकुण लागली तेव्हा १९१७ च्या सुरुवातीला स्त्रियांचे शिष्टमंडळ नवे व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांना भेटले, गांधींनी ३१ मेची मुदत घातली आणि मार्चमध्ये भरती थांबली. १ जानेवारी १९२० ला फिजीतले उरलेले करारही संपवण्यात आले.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो हलका नाही. गिरमिट लोकमताने मोडले नाही, महायुद्धाने मोडले. १९१७ मध्ये सरकारला स्वतःलाच पलटणीसाठी आणि मेसोपोटेमियातल्या मजूर-तुकड्यांसाठी माणसे हवी होती, मग ती ऊसमळ्यांना कशाला पाठवील? खरेच आहे. सातारा जिल्ह्याला तर हे सांगायला नको. मराठा पलटणी त्याच वाळवंटात लढत होत्या आणि एप्रिल १९१६ मध्ये कुतच्या शरणागतीत सापडल्या होत्या. भरती थांबली ती भारत संरक्षण नियमांखाली, हेही सरकारी कागदच सांगतात. पण युद्धाने फक्त तारीख ठरवली. युद्ध संपल्यावर वसाहतींना मजूर हवेच होते, नव्या नावाने योजना चालू करण्याचा खटाटोप लंडनमध्ये झाला, आणि तरीही गिरमिट परत आले नाही. १९२२ च्या स्थलांतर कायद्याने अकुशल मजुरांना बाहेर पाठवण्यासाठी कायदेमंडळाची संमती लागेल असे ठरवले. पडलेल्या ठरावाचा हा विजय लोकांनी मिळवला हे नाकारता येत नाही.

तथापि विजय कोणत्या भाषेत मिळाला तेही पाहिले पाहिजे. कुंतीची हकीगत, गिरमिटातल्या बायकांची विटंबना, हिंदी माणूस म्हणजे 'कुली' हा जगभरचा डाग, अशी ती भाषा होती. स्वतः गोखल्यांनीही राष्ट्राच्या दृष्टीने ही पद्धत मानखंडना करणारी आहे असे म्हटले होते. त्यात गैर काहीच नाही. मानाच्या भाषेने माणसे जागी होतात. पण मान जातो तो परक्याच्या देशात, परक्याच्या हातून. ठरावातले 'देशातल्या कामासाठी असो' हे शब्द या भाषेत बसत नव्हते. घरातल्या मजुराला बांधून घालणारा मालक कित्येकदा हिंदीच असे, आणि त्याच्या विरोधात वर्गणी कोण काढणार? कोणी म्हणेल, देशातले गिरमिट म्हणजे आसामचे चहामळे, आणि तिथली सक्ती सरकारने १९०८ पासून स्वतःच सैल करायला घेतली होती, तेव्हा ती मागणी नावापुरतीच. आसामपुरते हे चालेल. पण १८५९ चा तेरावा कायदा आसामपुरता नव्हता. तो मजुरांच्या करारभंगाचा कायदा. मुंबई, मद्रास, कलकत्ता इथले कारखानदार आणि व्यापारी कारागिरांना आगाऊ पैसे देतात आणि ते लबाडीने काम टाकून जातात, म्हणून हा कायदा करावा लागतो, असे त्याच्या प्रस्तावनेत लिहिलेले होते. पुढे तो ठिकठिकाणी लागू झाला. मालकाने दंडाधिकाऱ्याकडे जायचे, उचल घेऊन काम सोडले एवढे सिद्ध करायचे. मग मजुराने पैसे परत द्यायचे नाहीतर काम पुरे करायचे, आणि तेही नाही केले तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. गोखल्यांनी फिजीबद्दल जी शिक्षा वाचून दाखवली तिचेच हे देशी भावंड.

हा कायदा रद्द करणारा कायदा झाला १९२५ मध्ये, म्हणजे फिजीचे करार संपल्यावर पाच वर्षांनी. तो प्रत्यक्षात गेला १९२६ साली. त्यासाठी शिष्टमंडळे गेली नाहीत, मुदती घातल्या गेल्या नाहीत. मध्यवर्ती विधिमंडळात तेव्हा मजुरांची बाजू मांडायला गोखल्यांच्याच भारत सेवक समाजाचे ना. म. जोशी बसत होते, आणि मजुरांचे कायदे एकामागून एक होत होते, त्या रांगेत हाही निकालात निघाला. फौजदारी शिक्षा गेली. उचल गेली नाही.

कृष्णाकाठी ऊस आला, रेठरे बुद्रुक, साखराळे, भुईंज, सांगली अशी सहकारी कारखान्यांची माळ लागली, आणि जे पीक गिरमिटिये फिजीत नि मॉरिशसमध्ये तोडत होते तेच इथे तोडायला बाहेरची माणसे येऊ लागली. बीडची, विजापूरकडची, आणि याच दोन जिल्ह्यांच्या कोरड्या अंगाची: जत, आटपाडी, माण. पावसाळ्यातच उचल वाटली जाते. कारखाना वाहतूकदाराला देतो, वाहतूकदार मुकादमाला, मुकादम टोळीला. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, उचल कोयत्यावर मिळते. दिवाळीच्या सुमारास टोळी येते, कारखान्याच्या आवारात नाहीतर फडाच्या कडेला कोप्या पडतात. पहाटे फडात शिरायचे, एकाने तोडायचे, दुसरीने पाचट काढून मोळी बांधायची आणि ती मोळी डोक्यावरून फळीवर चढून ट्रॉलीत टाकायची. ट्रॉली रात्री येईल तर रात्री भरायची. वाढे विकून येतील त्या पैशात मीठ-मिरची. हंगामाच्या शेवटी टनांचा हिशेब होतो, मुकादमाचे कमिशन वेगळे निघते, आणि उचल फिटली नसेल तर बाकी पुढच्या हंगामाच्या नावे पडते.

ऊसतोड मजुराला गिरमिटिया म्हणणे ही अतिशयोक्ती आहे, हा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. तो सहा महिन्यांनी घरी जातो, त्याला मत आहे, संघटना आहेत, साखर संघाशी दराचे करार होतात, उर्मट बोलला म्हणून कोणी तुरुंगात घालत नाही. १९७६ चा वेठबिगारीविरोधी कायदा कर्जापायी बांधून घेणे गुन्हा ठरवतो. पण गोखल्यांची तक्रार जहाजाबद्दल नव्हती, पाच वर्षांच्या आकड्याबद्दलही नव्हती. आगाऊ बांधिलकी, आधीच ठरलेली मजुरी आणि मध्येच सोडून जाण्याची मनाई, हे तीन धागे एकत्र वळले की माणूस अडकतो, असे ते सांगत होते. त्यातला तिसरा धागा आज कायद्याने नाही, बाकीने वळला जातो. बाहेरगावच्या मजुरांसाठी १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा आला खरा, पण तो राज्याची हद्द ओलांडणाऱ्यालाच लागू होता. विजापूरहून आलेला कोयता त्यात बसे. बीडहून किंवा जतहून आलेला बसत नसे, मग तो कितीही लांबून आलेला असो. १९१२ मध्ये परदेश आणि स्वदेश यांत जी रेघ लोकमताने ओढली, तीच इथे राज्याच्या हद्दीवर सरकली. आणि रागाची तऱ्हाही बदललेली नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशये काढली जात असल्याच्या बातम्या आल्या तेव्हा विधिमंडळ हादरले, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बाईच्या देहावरचा अत्याचार कुंतीच्या वेळी जसा दिसला तसा याही वेळी दिसला. ती बाई आजारपणातही फड का सोडू शकत नाही, याचे उत्तर उचलीच्या वहीत होते, आणि त्या वहीवर एवढी चर्चा झाली नाही.

वहीची दुसरी बाजूही आहे, आणि ती सांगली-साताऱ्यातच जास्त ऐकू येते. इथला वाहतूकदार म्हणजे बहुतेक ट्रॅक्टरवाला शेतकरी, कारखान्याची उचल आपल्या नावावर घेऊन बसलेला, कधी बँकेला जमीन तारण दिलेला. मुकादम लाखो रुपये घेऊन टोळीच आणत नाही, फोन बंद करतो, किंवा एकाच टोळीवर तिघांकडून पैसे उचलतो. फसवणुकीच्या फिर्यादी पोलीस ठाण्यांत दर हंगामात येतात. हे नुकसान खोटे नाही. त्यातून कर्जबाजारी झालेली घरे दोन्ही जिल्ह्यांत आहेत, आणि मजुराची बाजू घेणाऱ्याने त्यांना मालक म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. मात्र त्यांची मागणी काय आहे ते नीट ऐकले पाहिजे: उचल घेऊन कामावर न येणाऱ्यावर कडक फौजदारी कारवाई करणारा स्वतंत्र कायदा हवा. असा कायदा झाला तर पहिल्यांदा पकडला जाणारा कोण, पैसे घेऊन पसार झालेला मुकादम की माण-जतच्या वस्तीवर सापडणारा कोयता, याचा अंदाज १८५९ ते १९२६ या सदुसष्ट वर्षांच्या अनुभवावरून बांधता येतो. त्याही कायद्याच्या प्रस्तावनेत फसलेल्या मालकांचीच तक्रार लिहिलेली होती, आणि ती तक्रारही खरीच होती.